स्टँडकडं तोंड केलेला कर्णा

इस्लामपूरच्या आमच्या वाचनालयात दरवर्षी एका जुन्या कवीच्या जयंतीला कवितावाचन असतं, आणि माइक लावायला दरवर्षी तोच एक माइकवाला येतो. माइक तपासताना तो 'हॅलो' म्हणत नाही. औंध, म्हसवड, विटा अशी गावं सावकाश पुकारतो आणि प्रत्येक गावानंतर थोडं थांबतो, जणू तिथून कुणी ओ देणार आहे. वाचन सुरू झालं की खुर्चीत बसत नाही, दाराला टेकून उभा राहतो.

वाचणारे मोबाइलमध्ये बघून वाचतात आणि आपला फोटो निघाला की निघून जातात. शेवटची कविता माझी असते. यंदा माझ्यासमोर नुसत्या खुर्च्या होत्या आणि दारात तो. तरी मी दमानं वाचलं, शेवटच्या कडव्याला आवाजही चढवला. कारण तो बाहेर लिंबाच्या झाडावर लाउडस्पीकरचा एक कर्णा एसटी स्टँडकडं तोंड करून बांधतो. सभागृह ओस पडलं तरी गाडीची वाट बघणारी चार माणसं ऐकत असतील, एवढ्यावर माझं भागायचं.

आवराआवर झाल्यावर बाहेर आलो, तर तो शिडीवर चढून कर्णा सोडत होता. कर्ण्याला वायरच नव्हती.

"वायर कुठाय रं?"

"ती कवाच काढली, सर. स्टँडवरची लोकं लय शिव्या द्यायची."

"मग बांधतोस कशाला?"

त्यानं खाली उतरून कर्णा खांद्यावर घेतला.

"तुमी दरसाली आल्या आल्या वर बघता," तो म्हणाला, "म्हून."