ज्योतीरामच्या घरातले भोंगे

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये ज्योतीरामची एकोणीस वर्षं गेली. पत्र्यावर अखंड ठोका. शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे. कानात घालायला कंपनी बुचं देते, पण मशीनचा बिघाड ऐकू येत नाही म्हणून सुपरवायझरच ती काढायला लावतो! वर्षाकाठी डॉक्टर येतो, कानामागं टिचकी वाजवतो, ‘ठीक’ लिहितो. ह्याला तपासणी म्हणायची.

काळेवाडीतल्या दोन खोल्यांत हाच माणूस भोंग्याचे स्पीकर बनवतो. भंगारातून जुनी युनिटं आणायची, प्लायवूडचा डबा करायचा, वर भोंगा. त्याच्या मते आवाज असा नेमका, की गाणारी बाई समोरच्या कॉटवर बसलीय. शिफ्टवरून आला की हातपाय धुवायच्या आधी ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण फिरवून आवाज जुळवायचा, ही त्याची रीत.

यंदा त्यानं ठरवलं, कंपनी सोडायची आणि दुकान टाकायचं. राजीनामा लिहून झाला होता, शुक्रवारी द्यायचा होता. पहिली जोडी रहाटणीच्या गणराजनं घेतली. बुधवारी त्याचा फोन आला म्हणून तो आणि मी, त्याचा जुना दोस्त, असे दोघं गेलो.

“ज्योतीभाऊ, राग मानू नका,” गणराज म्हणाला, “पण हे घरात चालत नाय. बाईनं ‘स’ म्हटला की दाढेत सुई जाते.”

“हॉल बघा की तुमचा! नुसती फरशी अन् काच. टाकीत गायल्यागत होणारच.”

पडदे ओढले, गादी टाकली, भोंगे जरा वळवले. थोडा फरक पडला, पण सुई होतीच. शेवटी मीच ट्रेबलचं बटण निम्म्यावर आणलं. आवाज लगेच खोलीत मुरला. म्हणजे खोट भोंग्यात नव्हती.

ज्योतीराम भडकला. “घोंगडं टाकलं का राव त्याच्यावर?”

घरी येऊन त्यानं बायकोला, विजयश्रीला, सगळं सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, “आधी शिफ्टवरून आलात की बटण वाढवायचात, अन् गुरुवारच्या सुट्टीला कान निवले की तुम्हीच ओरडायचात, आवाज एवढा चिरका कुणी केला म्हणून. अन् कमी करायचात. दोन वर्षं झाली, गुरुवारीबी बटण हलत न्हाई. मी अन् पोरगी पिंकी गॅलरीत जाऊन बसतो.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले की. तुम्ही म्हणालात, तुला कान न्हाईत.”

गुरुवारी मी त्याला कानाच्या दवाखान्यात नेलं. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं होतं. काचेपलीकडं डॉक्टरीणबाई बटणं दाबत गेल्या. जाड आवाजाला ज्योतीरामचं बोट वर गेलं, बारीक शिट्ट्यांना मांडीवरून हललं नाही. दोन्ही कानांचे वरचे सूर गेलेत, म्हणाल्या. गेलेले परत येत नाहीत, आणि त्या आवाजात राहिलात तर उरलेलेही जातील.

“कंपनीवर केस टाकू,” मी म्हणालो. “सोडायचं नाही त्यांना.”

“भाऊ, जे मला ऐकूच येत न्हाई ते मी लोकांना जुळवून कसं विकू?”

“अरे, पण तिथं राहिलास तर उरलंसुरलं जाईल!”

“उरलेल्या कानांत दुकान चालत न्हाई. प्रेस चालते.”

शुक्रवारी तो पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये चढला. राजीनामा दिला नाही. केससाठी तपासणीचा कागद मी मागितला, तोही देईना. कंपनीला कळलं तर शॉपमधून काढतील म्हणतो.