शर्टावरचं रक्त

आम्हा बचावाच्या वकिलांचा एक रिवाज होता: डीएनए तपासणी आपण होऊन मागायची नाही. अहवाल उलटा आला तर आरोपी आपल्याच अर्जाने अडकतो. त्यापेक्षा सरकारी पक्षाने तपासणी केली नाही, एवढंच ठासून सांगायचं.

उमरेडच्या एका अशिलावरच्या खुनाच्या खटल्यात मी तेच केलं. तो विनवायचा, "वकीलसाहेब, शर्टावरचं रक्त माहंच हाय. इळ्यानं बोट कापलं होतं. तपासून काहून नाही घेत?" मी त्याला गप्प बसवलं. त्याला जन्मठेप झाली.

शर्ट अजून मुद्देमालात आहे. आता अपिलात त्याच्या नव्या वकिलाने तपासणी मागितली आहे आणि अर्जासोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे: आरोपी तपासणी मागत होता, मी मागू दिली नाही.

सदरमध्ये, कोर्टाजवळच्या टपरीवर चहा पिताना जुना सहकारी म्हणाला, "म्हातारपणी सोताचीच इज्जत काढून राहिला का बे?"

"हो," म्हटलं, "उद्या कोर्टातही काढतो. ऐकायला ये."

प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी तुरुंगात जाऊन अशिलाला एकदा विचारलं होतं, "अहवाल उलटा आला तर?"

तो हसला. "तवाही तुम्हीच भेले होते, साहेब. मी नाही."

मी सही केली.