हिल्काच्या दोन कार्डांचा गारवा

हिल्का तार्वाइनेन फिनलंडमधल्या वार्काउस शहरात बस चालवायची. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. बस ती इतकी अलगद वळवायची की उभ्या प्रवाशांना दांडा धरायची आठवणसुद्धा होत नसे. घरी आली की मात्र तिला वेगच हवा असायचा. कॉफीचा मग घेऊन ती थेट कम्प्युटरपुढे बसायची. हातात स्टिअरिंग आणि समोर तीन पडद्यांवर पसरलेला शर्यतीचा रस्ता.

तीन पडद्यांचं चित्र एका ग्राफिक्स कार्डाला झेपेना, म्हणून तिने जोडीला दुसरं बसवलं. तिथून डोकेदुखी सुरू झाली. दोन्ही कार्डं एकाखाली एक, मध्ये जेमतेम बोटभर फट. खालचं गरम हवा सोडायचं आणि वरचं नेमकी तीच ओढायचं. थोड्याच वेळात वरचं असं तापायचं की चित्र अडखळे आणि तिची गाडी ऐन वळणावर भिंतीत. तिने पंखे वाढवले, धूळ झाडली, कम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं. हिवाळ्यात खिडकी किलकिली केली की भागायचं. उन्हाळ्यात काही म्हणता काही चालेना.

धाकटा भाऊ ओस्मो तिचा शर्यतीतला जोडीदार. तो चिडवायचा, "हिल्का, टॉवेल आणू का? वाफेच्या अंघोळीची सौना तापलेली दिसतेय."

"आण. आणि येताना थोडी अक्कलही आण," ती म्हणायची.

त्या वसंतात डेपोत एक जुनी बस मोडीत निघाली. चालकाच्या पायाशी ऊब देणारा तिचा छोटा रेडिएटर हिल्काने हातात घेतला आणि तिथेच थबकली. हा पाण्यातली उष्णता काढून हवेला देतो. मग कार्डांची उष्णता पाण्यात सोडली तर?

मेकॅनिकला विचारून तिने तो घरी आणला, व्हिनेगरने आतून धुतला. पंप, नळ्या आणि रेडिएटरला पंखा आणला, दोन्ही कार्डांवर बसवायला आतून पाणी खेळेल असे तांब्याचे ठोकळे आणले. स्वयंपाकघरातलं टेबल तिने असं अडवलं की जेवण मांडीवर घेऊन करावं लागे. पहिल्याच दिवशी एक सांधा गळला. ती उठली, नळी कापली, पुन्हा जोडली. मग प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद ठेवून, कार्डांना वीज न लावता, नुसत्या पंपाने पाणी फिरवत बसली. कागद कोरडा राहिला तेव्हाच कार्डांना वीज मिळाली.

जुलैत बर्फाच्या हॉकीच्या मैदानात, बर्फ नसताना, गेमिंगचा मेळा भरला. पत्र्याच्या छपरावर ऊन, खाली शेकडो कम्प्युटर. आयोजक सातूने हिल्काचा डबा पाहून कपाळाला हात लावला.

"पाणी? अगं, शेजारच्या टेबलांवर वीज आहे!"

"बोट फिरव, नाहीतर कागद फिरव. ओला झाला तर मी घरी जाते."

सातूने एकेका सांध्यावरून कागद फिरवला. कोरडा. "खाली ट्रे ठेव," एवढंच म्हणून ती पुढे गेली.

शर्यत दिवसभराची. दुपारी आसपासचे कम्प्युटर तापून एकामागून एक बंद पडू लागले, लोक पुठ्ठ्याने वारा घालू लागले. ओस्मो गाडी चालवत होता, हिल्का मागे उभी. एकाएकी तिचे कान टवकारले. रेडिएटरचा पंखा गप्प झाला होता.

"काय झालं?" ओस्मोने मान वळवली.

"तू रस्त्याकडे बघ!"

पडद्याच्या कोपऱ्यात तापमान भराभर चढत होतं. ती गुडघ्यांवर बसली. पंख्याच्या पात्यांत गोळ्यांचा कागद गुरफटला होता. तिने पंख्याची वायर उपसली, कागद ओढून काढला, वायर पुन्हा लावली. पंखा घरघरला. आकडा थोडा वेळ तसाच थांबला, मग उतरायला लागला.

"ओस्मो, तुझ्याच साल्मियाक्कीच्या खारट गोळीचा कागद!"

"मी काही बोलत नाही. मी रस्त्याकडे बघतोय."

ते चौथे आले. पण त्यांचा कम्प्युटर शेवटपर्यंत एकदाही बंद पडला नव्हता, आणि ही बातमी निकालाआधीच सभागृहभर पसरली होती. टेबलाभोवती गर्दी झाली. कुणीतरी ओस्मोला विचारलं, हे तू बनवलंस का? एरवी तोंड वाजवणारा ओस्मो ताठ उभा राहिला.

"मी नाही. माझ्या बहिणीनं. हिल्का तार्वाइनेन. आमच्या गावात बस चालवते."

हिल्काचे कान लाल झाले, छाती मात्र फुगली. तिने बाजूचं झाकण सरकवलं.

"या, जवळून बघा. पण आधी कॉफी खाली ठेवा."