कंपाउंड तुमचा, मशीन माझा

विषय : व्याह्यांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर उमटलेल्या गोल रेघांबाबत.

संदर्भ : १) व्याह्यांची तोंडी सूचना, "गाडीवर जरा लक्ष ठेवा." २) आमच्या मुलीची तोंडी सूचना, "बाबा, गाडीला बोटसुद्धा लावू नका."

तळासरीच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली की माणसाला घरची गोष्ट सांगायलाही विषय आणि संदर्भ लागतो. त्याला इलाज नाही. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. सांगण्यासारखं त्यात फार नाही, लपवण्यासारखं बरंच आहे.

२०१७ चा मे महिना. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि डहाणूजवळच्या आमच्या गावात दुपारी काय करायचं हा प्रश्न अजून सुटला नव्हता. आमचे व्याही अण्णा बोर्डीचे, चिकूची वाडी आहे त्यांची. ते थोरल्या मुलाकडे बडोद्याला महिनाभर राहायला निघाले. वाडीतल्या शेडचे पत्रे नेमके बदलायला काढलेले. मग नवीन गाडी उन्हात कुठे ठेवायची? तेव्हा आमची मुलगी म्हणाली, "माझ्या बाबांकडे ठेवा. फार जपून वागतात ते."

तिच्या लग्नाला आठ महिने झाले होते. सासरी तिने टाकलेला हा पहिला शब्द. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गाडी आमच्या अंगणात आली. मी रोज लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी लक्ष ठेवताना दिसलं, की शेजारच्या जांभळावरच्या वटवाघळांनी बॉनेटवर आपला अभिप्राय नोंदवला आहे. वाळून घट्ट झालेला, जांभळ्या शाईत. मी पाणी टाकलं, फडकं फिरवलं, हलेना. मग मोरीतली हिरवी घासणी आणली.

डाग गेला. जिथे डाग होता तिथे ऊन पडल्यावर रेघाच रेघा दिसू लागल्या.

बायको बाहेर आली. तिने बॉनेट पाहिलं, माझ्या हातातली घासणी पाहिली.

"अहो, व्याह्यांची गाडी आहे ती. आमटीचं पातेलं नाही."

"पॉलिश केलं की जाईल."

"तुम्ही करणार?"

दुसऱ्या दिवशी मी बस धरून चारोटीला गेलो. तिथे नाक्याजवळ भरतभाई नावाचा माणूस गाड्यांना मशीनने पॉलिश करतो असं ऐकलं होतं. हायवेवर ट्रकांचा असा आवाज, की अर्धं बोलणं ऐकायचं आणि अर्धं समजून घ्यायचं. मी अर्धं ऐकलं, आणि उरलेलं माझ्या अनुभवातून समजून घेतलं. घोळ तिथेच झाला.

"साहेब, काळ्या रंगाला लई संभाळावा लागतो," भरतभाई म्हणाला. "जरा धूळ राहिली ने, मशीन गोल गोल डाग पाडणार. पहिला कंपाउंड मारावा लागेल."

"कंपाउंड?"

"कंपाउंड वगर मी मशीनला हात नाय लावत."

आमचं अंगण रस्त्याला उघडं आहे. दिवसभर धूळ येते. मला त्याचं म्हणणं एकदम पटलं.

"पूर्ण मारायचा का?"

"पूर्ण. अर्धा मारला तर फरक दिसेल ने."

"जाडा की बारीक?" मी विचारलं. रेतीबद्दल मला थोडं कळतं.

"पहिला जाडा, मग बारीक. बारीकनेच फिनिशिंग येते."

"आणि किती दिवसांत होईल?"

"दिवसांत काय? दोन तास."

दोन तासांत कुंपणाची भिंत, गिलाव्यासकट. मी मनात म्हटलं, खाजगी क्षेत्र ते खाजगी क्षेत्र. निघताना तो म्हणाला, "तर साहेब, नक्की. कंपाउंड तुमचा, मशीन माझा. पंधरा दिवसांनी घरीच येतो." आम्ही हात मिळवले.

आता दुसरा कोणी असता तर गवंडी बोलावला असता. मी अर्ज लिहिला. "सविनय अर्ज करण्यात येतो की, अर्जदारास राहत्या घराभोवती, गाडीस पॉलिश करण्याच्या प्रयोजनार्थ, कंपाउंड घालण्यास परवानगी मिळावी." सोबत नकाशा, तीन प्रती.

गावच्या पंचायतीतला ग्रामसेवक तरुण, सरळ माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"काका, स्वतःच्या अंगणात कुंपण घालायला कुणी एवढं करत नाही. घाला तुम्ही."

"तोंडी नको. लेखी द्या."

"बरं. मग रीतसरच बघू." तो पुन्हा वाचू लागला. "गाडी तुमच्या नावावर आहे?"

"व्याह्यांच्या."

"मग प्रयोजनात गाडी लिहिलीत तर गाडीमालकाची ना-हरकत जोडा. नाहीतर तेवढी ओळ खोडा, मी आत्ता सही करतो."

एक ओळ खोडायची होती. पण सादर केलेल्या अर्जात खाडाखोड? बत्तीस वर्षं याच कारणासाठी मी लोकांना परत पाठवलं होतं. माझ्या हातून ते होईना. अर्ज त्रुटीत गेला.

दरम्यान मी तात्पुरती सोय केली. चिकूच्या रोपांवर घालतात ती हिरवी जाळी आणली, बांबू रोवले, आणि गाडीला चारी बाजूंनी बंदिस्त केलं. वरूनही. बायको म्हणाली, गाडी आयसीयूत ठेवल्यासारखी दिसते. मी दुर्लक्ष केलं.

ठरल्या दिवशी दुपारी भरतभाई मोटारसायकलवरून मशीन घेऊन आला. लांब वायरचं, पुढे लोकरीची गोल चकती. त्याने ओसरीवर मशीन ठेवलं, प्लग लावून पाहिला.

"साहेब, कंपाउंड काढा."

"काढू कशाला? आत्ताच तर घातला."

"कुठे?"

मी जाळीकडे हात केला. "हा तात्पुरता आहे. पक्क्याचा अर्ज दिला आहे."

भरतभाई ओसरीच्या पायरीवर बसला. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "कंपाउंड एटले मलम. रंगावर लावायचा मलम. टूथपेस्ट असते ने, तसा. डब्यात येतो."

आतून बायकोच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. नंतर कळलं, पडलं नव्हतं. ती हसत होती.

"मी चारोटीहून आणतो," भरतभाई उठला. "दीड तास लागेल. मशीनला हात नका लावू."

तो गेला. तासाभराने मुलीचा फोन आला. "बाबा, अण्णा आठ दिवस आधीच निघाले. बडोद्याच्या दादांच्या गाडीतून येतायत. अच्छाडला चहाला थांबलेत. येता येता तुमच्याकडूनच गाडी घेणार म्हणाले. गाडी ठीक आहे ना?"

"उत्तम," मी म्हटलं.

चहा धरून अच्छाडहून आमच्याकडे यायला दीड तास. भरतभाई यायला अजून अर्धा तास. समोर मशीन, प्लग लावलेला. आणि तज्ज्ञाचं मत तर मला मिळालेलंच होतं, की टूथपेस्ट असते तसा. घरात लवंगेची मोठी ट्यूब होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की थकवा येतो. मी ट्यूब बॉनेटवर पिळली. मशीन पूर्ण वेगावर सुरू केलं आणि डाग जावेत म्हणून सगळा भार देऊन दाबून धरलं, एका जागी. मग दुसऱ्या जागी. बॉनेट मी धुतलंही नव्हतं. दोन आठवड्यांची धूळ त्या जाळीतून गाळून, अगदी बारीक होऊन, वर बसलेली होती. मशीन बंद केलं तेव्हा बॉनेटवर नऊ गोल होते. वेगवेगळ्या खात्यांतून फिरून आलेल्या कागदावर असतात ना गोल शिक्के, हुबेहूब तसे.

भरतभाई आला. पाहिलं. आधी गाडी धुतली, पुसली. लोकरीची चकती काढून स्पंजाची लावली. वाटाण्याएवढा कंपाउंड घेतला, वेग कमी ठेवला, आणि मशीन आडवं, हलक्या हाताने, एका वेळी परातीएवढ्या जागेत सावकाश फिरवत राहिला. कुठेही थांबला नाही, कुठेही दाबलं नाही. जाडा झाल्यावर चकती बदलून बारीक. काम इतकं शांत, की मला माझ्या सगळ्या नोकरीची लाज वाटली.

आठ गोल गेले. नवव्यापाशी त्याने हात थांबवला. "हा खोल आहे साहेब. अजून घासला तर रंग निघेल. सावलीत नाय दिसणार."

गाडी जाळीखाली होती, सावलीत. तेवढ्यात अण्णा आले. गाडीभोवती एक फेरी मारली. आरशासारखी गाडी.

"भाऊसाहेब, चकचकीत ठेवलीत हो." मग ते वाकले. "पण हिला लवंगेचा वास कसला येतोय?"

अण्णांनी किल्ली घेतली, गाडी जाळीतून बाहेर, उन्हात काढली, आणि उतरून बॉनेटसमोर उभे राहिले. नववा गोल उन्हात स्वच्छ दिसत होता. शिक्का वाचता येईल असा.

मी सगळं सांगितलं. वटवाघळापासून. आणि सांगताना, सवय म्हणून, अर्जाची प्रतही पुढे केली आणि ना-हरकतीचा रकाना दाखवला.

अण्णांनी चष्मा लावला. "'गाडीस पॉलिश करण्याच्या प्रयोजनार्थ'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "म्हणजे पुन्हा करणार?"

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली. "घरी जाऊन वाचतो."

रात्री मुलीचा फोन आला. मी आधीच म्हटलं, "चूक झाली. शब्द तुझा होता."

"अण्णा जेवताना सगळ्यांना म्हणाले, सूनबाईचे वडील खरंच जपून वागतात. परवानगीशिवाय कुंपणसुद्धा घालत नाहीत."

"मग हसले का?"

"सगळेच हसले, बाबा. मीही."

तिचा आवाज बरा होता. मी झोपलो.

त्यानंतर दोन वर्षं झाली. अण्णा आमच्याकडे येतात, जेवतात, गप्पा मारतात. येतात ते रिक्षाने. जाळीवर बायकोने कारल्याचा वेल चढवला आहे. गाडीमालकाची ना-हरकत आजतागायत प्राप्त झालेली नाही. सबब अर्ज प्रलंबित आहे.