राहीबाईचं सोंग

धन्यकुमार मगदूम मूळचे सांगलीकडचे. घरची माणसं जैन, शेतकरी. रानात हळद आणि तंबाखू. पण या पोराला पेटीचा नाद लागला आणि शेती धाकट्या भावावर पडली. "ह्यो बैलामागनं चालताना बी ताल धरतोय, ह्याच्या हातात नांगर काय टिकणार?" असं वडील म्हणायचे. शेवटी साताऱ्याकडं, रहिमतपुराजवळच्या एका गावात, हायस्कुलात मराठी आणि गायन शिकवायला ते लागले आणि तिथलेच होऊन गेले. बायको राजमती, भाड्याचं दोन खणांचं घर आणि दर वर्षीच्या गॅदरिंगला स्वतः लिहून बसवलेलं एक संगीत नाटक, असा त्यांचा संसार.

त्या वर्षी नाटक होतं अंधश्रद्धेवर. मास्तरांनी मन लावून लिहिलं होतं, पण तालमीत ते काही केल्या उठेना. पोरं उपदेशाची पदं पाढे म्हटल्यागत म्हणत होती. एका दुपारी सुट्टीत मास्तर पेटीवर कोपर टेकून बसले असताना मागं हशा पिकला. बघतात तर नववीतली शालू केस मोकळे सोडून घुमत होती.

"थंडी वाजतीया गंऽ, हाडं गोठली माझी! पांघरूण घालाऽ, कुणीतरी घालाऽ!"

सोंग कुणाचं ते सांगायची गरज नव्हती. शालूच्या घरामागं राहीबाई राहायची. दर अमावस्येला तिच्या अंगात देवी यायची. बायका ओट्या घेऊन जायच्या, कौल विचारायच्या. ती घुमायची, थरथरायची, पांघरूण मागायची. आईला थंडी वाजते म्हणून बायका तिच्यावर लुगडी, चादरी घालायच्या. शालूनं तिचा आवाज, मानेचा हिसडा, दातांची कडकड असं सगळं हुबेहूब उचललं होतं.

मास्तर हसले. हसता हसता त्यांची बोटं पट्ट्यांवर गेली, आणि संध्याकाळपर्यंत गाणं तयार झालं. शालू घुमत म्हणणार, "पांघरूण घाला," आणि बाकीची पोरं ढोलकीच्या ठेक्यावर "घाला, घाला!" करत तिच्यावर पोतं टाकणार, मग सतरंजी, मग हेडमास्तरांची छत्री, शेवटी वर्गातला फळासुद्धा. गॅदरिंगला या गाण्यानं मांडव डोक्यावर घेतला. लोकांनी तीनदा वन्समोअर दिला.

दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत. दुसऱ्या दिवशी जेवताना राजमती म्हणाली, "त्या बाईचं पोरगं चीनच्या लढाईत बर्फात गेलं न्हवं?"

"कृष्णात. होय. त्याचं काय?"

"काय न्हाई. गाण्यात थंडी आली म्हणून आठवलं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. कृष्णात परत आला नाही, त्याची मातीसुद्धा आली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. राहीबाई घुमते हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"अगं, ते अंधश्रद्धेवर आहे," ते म्हणाले.

"असू दे की. पण लोक हसले कशावर?"

त्या दिवशी मास्तरांनी पेटी उघडली नाही. पण ते तेवढ्यापुरतंच. कारण पुढच्याच महिन्यात मुंबईहून टेलिव्हिजनचं बोलावणं आलं. शाळकरी मुलांच्या नाचगाण्यांचा कार्यक्रम होता आणि कुणा साहेबानं या शाळेचं नाव सुचवलं होतं. पोरांनी उड्या मारल्या, गावानं हार घातले. मास्तरांचं पाऊल जमिनीवर ठरेना.

कार्यक्रम बसवणाऱ्या बाई पोक्त होत्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. तालीम बघून म्हणाल्या, "उपदेश काढून टाका मास्तर, गाणं तेवढं ठेवू. गाणं फक्कड आहे. पण एक विचारते. ही बाई खरी आहे का कुणी? खरी असेल तर शब्द बदलू या. पोरांनी थट्टा करावी, हरकत नाही. पण एखाद्या चालत्याबोलत्या माणसाची नको."

"छे, छे," मास्तर म्हणाले. "काल्पनिक आहे सगळं."

शालूनं त्यांच्याकडं पाहिलं. परतताना एस.टी.त ती त्यांच्या मागच्याच बाकावर होती. गाडी पुण्याच्या पुढं आल्यावर तिनं हळूच विचारलं, "सर, ती खरी न्हाई असं तुमी का म्हणालात? राहीआजीच हाय की ती."

"शब्द बदलले असते तर गाणं पडलं असतं, बाळ."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

गावात टीव्ही एकच, ऊसवाल्या लालासाहेबांचा. माडीवर उंच नळ उभा करून त्यांनी अँटेना बांधली होती. पडद्यावर मुंग्याच फार दिसायच्या, पण आवाज स्वच्छ. कार्यक्रमाच्या दिवशी लालासाहेबांच्या अंगणात सारा गाव लोटला. मास्तर दाराशी उभे होते. बायकांच्या पहिल्या रांगेत त्यांना राहीबाई दिसली. ती गॅदरिंगला आली नव्हती आणि तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं. गावची पोरं दिसणार म्हणून सगळ्यांसारखी तीही आली होती.

गाणं लागलं. पोतं पडलं, सतरंजी पडली, अंगण हसलं. राहीबाईही हसली, पदर तोंडाला लावून. मग तिच्या लक्षात आलं, की हसणारी माणसं पडद्याकडं बघता बघता तिच्याकडं बघतात.

"कुणाचं सोंग गं ह्ये?" तिनं शेजारणीला विचारलं.

"तुमचंच की, आत्ती."

राहीबाई थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. मग उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. जाताना ती मास्तरांच्या अगदी जवळून गेली. मास्तरांनी मान खाली घातली.

त्यानंतर ती दिसली की गावातली पोरं ओरडायची, "घाला, घाला!" मास्तरांनी दोघांना शाळेत उन्हात उभं केलं. उभं करताना आपलाच कान धरल्यासारखं त्यांना वाटलं. तिच्याकडं जायचं त्यांनी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. शेवटी तीच आली. शाळा सुटून गेली होती, मास्तर पेटीला खोळ घालत होते. ती उंबऱ्याच्या बाहेरच टेकली.

"मास्तर, मी खरंच तसं म्हनती व्हय?"

"राहीबाई, माझं चुकलं. मी..."

"त्ये ऱ्हाऊ द्या. मला सांगा. अंगात आलं की मला कायबी ध्यानात ऱ्हात न्हाई. शुद्धीवर आलं की बाया म्हनत्यात, आई बोलली, आईला थंडी वाजतीया. काय बोलली त्ये मला कदी ठाव न्हाई. शालूनं म्हटलं त्येच म्हनती का मी?"

"होय," मास्तर म्हणाले.

"म्हनून दावा. पेटी नगं."

मास्तरांनी म्हटलं. ठेका नाही, कोरस नाही, नुसते शब्द. थंडी वाजतीया, हाडं गोठली, पांघरूण घाला.

राहीबाई बराच वेळ पायरीवरची माती बोटानं उकरत बसली. मग म्हणाली, "ही आई न्हवं, मास्तर. ह्यो माझा कृष्णात हाय. इतकी वर्सं माझ्यासंगं बोलत व्हता, आन् मला कळलंबी न्हाई."

पुढच्या अमावस्येला बायका गेल्या, ऊद घातला, डफ वाजला. राहीबाई ताठ बसून राहिली. काही आलं नाही. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही नाही. मग बायका जायच्या थांबल्या. ओटीत पडणारे तांदूळ-नारळ गेले आणि ती खुरपायला जाऊ लागली.

तालुक्याच्या एका मंडळानं मास्तरांचा सत्कार ठरवला. नाटकानं गावातली अंधश्रद्धा घालवली म्हणून. मास्तरांनी आजारी असल्याचं कळवलं. त्या दिवशी ते खरोखरच जेवले नाहीत. "मी म्हणाले होते," असं राजमती एकदाही म्हणाली नाही. पुन्हा त्यांनी नाटक लिहिलं नाही. गॅदरिंगला पोरांकडून नुसती देशभक्तीची गीतं बसवून घ्यायचे. शालूनं मात्र नकला सोडल्या नाहीत. हेडमास्तरांच्या, मास्तरांच्या स्वतःच्याही करायची. मास्तर बघून हसायचे, आणि हसताना आजूबाजूच्या तोंडांकडं बघायचे.

सांगलीकडं बदली झाली तेव्हा निघायच्या आधी ते राहीबाईला भेटायला गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. कशा आहात, त्यांनी विचारलं.

"बरी हाय की. आता झोप लय लागती," ती म्हणाली, आणि मूठभर शेंगा त्यांच्या पुढं केल्या. "पर त्यो काय आता येत न्हाई, मास्तर. तुमाला कुठं ऐकू आला, तर मला सांगा."

ती थट्टा करतेय की खरंच सांगतेय, ते मास्तरांना कळेना. शेंगा हातात घेऊन ते तिथंच उभे राहिले.