डावं मोकळं हाय

फौजीमामा घरात बायकोशी वर्षभरात जेवढं बोलायचे, त्याहून जास्त गाडीत एका खेपेला बोलायचे. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झाले आणि कडेगावला ऊस करू लागले. "चा ठेव" आणि "लाइट आली का?" एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. व्हॅनचं स्टेअरिंग हातात आलं की मात्र प्रत्येक फाट्यावर ते विचारायचे, "डावं?" शेजारच्या सीटवरची मामी मान वळवून बघायची आणि म्हणायची, "मोकळं हाय." मगच गाडी हलायची.

गावात याची थट्टा व्हायची. "मामीला इचारल्याबिगर फौजी वळत बी न्हाई," असं पारावरचे लोक म्हणायचे. मामा मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे, "बायकूचं ऐकतोय म्हनून तर पेन्शन खातोय गड्या." चिडवण्यात मीही मागे नव्हतो. मला ते विचारणं म्हणजे लष्करातली शिस्त वाटायची. जेवताना मामांच्या ताटात डावीकडची चटणी तशीच राहायची आणि मामी काही न बोलता ताट जरा फिरवून द्यायची, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढे मामीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सांगली गाठावी लागायची. भाड्याची गाडी मामांना पटेना. "भाड्याचा डायवर हिला खड्ड्याखड्ड्यातनं आदळत न्हेतोय. मी न्हेतो," म्हणाले आणि न्यायला लागले. मी सांगलीतच, विश्रामबागला एका कॉलेजात नोकरीला. शनिवारी दवाखान्यातून थेट त्यांच्याबरोबर गावी जायचो.

असाच एक शनिवार. ऊसतोडीचे दिवस, संध्याकाळ कलली होती. डायलिसिसनंतर मामीला थंडी वाजायची, म्हणून काचा बंद होत्या. शाल पांघरून ती सीटवर कलंडली होती. मी मागे बसलो होतो. कडेगावच्या अलीकडच्या फाट्यावर मामांनी गाडी हळू केली.

"डावं?"

"मोकळं हाय," मामी म्हणाली. आरशात मला तिचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले होते. ती झोपेतच बोलली होती.

मामांनी गाडी पुढे घातली. डावीकडून दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर अंगावर येत होता. "मामा, थांबा!" मी किंचाळलो. ब्रेक लागला. ट्रॅक्टर नाकासमोरून गेला आणि बाहेर आलेल्या उसांनी बॉनेटवर कर्रकन ओरखडा काढला. "आंधळा हाईस काय रं?" ट्रॅक्टरवाला ओरडत निघून गेला.

मामा समोर बघत होते. "कुटनं आला रं त्यो?" त्यांनी मला विचारलं. एवढा मोठा ट्रॅक्टर त्यांना दिसलाच नव्हता.

मामी जागी झाली होती. "म्या मोकळं म्हनलं व्हय?" तिनं विचारलं आणि तोंडाला पदर लावला. 

"तुजी न्हाई चूक," मामा म्हणाले. त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि मागे न बघता माझ्या हातात दिली. "मागं एकदा सकाळी चक्कर आल्ती, तवापासनं माजं डावं दिसत न्हाई. हिला ठावं हाय."

मला भयंकर राग आला होता. दोघांवरही. आणि त्या दोघांना तसं बसलेलं बघून रडूही येत होतं.

विश्रामबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ती चक्कर म्हणजे मेंदूला आलेला झटका होता. डोळे ठणठणीत आहेत, पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू मेंदूला कळत नाही. गाडी चालवायची नाही. मामांचं लायसन्स अजून चालू होतं, समोरची अक्षरं ते घडाघडा वाचत होते. कुणी अडवलं नसतं. "फकस्त हिला न्हेन्यापुरती चालवू का?" त्यांनी हळूच विचारलं. "त्यांना नेताना तर मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. मामा मान खाली घालून उठले. पुन्हा ते स्टेअरिंगवर बसले नाहीत.

मग रजा, सुट्ट्या, शेजारीपाजारी असं जमवत खेपा चालू ठेवल्या. शनिवारी मी चालवायचो. मामा-मामी मागे बसायचे, मामी डावीकडे. फाटा आला की मागून आवाज यायचाच, "डावं?" "मोकळं हाय." एकदा मी वैतागलो. "मामा, गाडी मी चालवतोय ना!"

"तू चालीव की. मी हिला जागी ठिवतोय."

त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही.

उन्हाळ्यात मामी गेली. दिवस वगैरे उरकल्यावर मी मामांना तपासणीसाठी सांगलीला नेलं. येताना ते पुढे, मामीच्या जागेवर बसले होते. तोच फाटा आला.

"डावं?" मामांनी विचारलं.

मी गाडी उभी केली. त्यांच्या खांद्यावरून वाकून रस्ता लांबपर्यंत बघितला.

"मोकळं हाय, मामा."

"नीट बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

"मग चल."