अरुणावतीच्या पल्याड

यवतमाळला जायचं तर उतरायचं कुणाकडे, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा या जानेवारीत पडला. बाबा गेल्यावर आम्ही आईला पुण्याला आणलं, घर विकलं, आणि माझं माहेर माझ्याच फ्लॅटच्या आतल्या खोलीत राहायला आलं. तरी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये आंबून पहाटे यवतमाळात उतरले तेव्हा पाय आपसूक आमच्या गल्लीकडे वळले. मीच त्यांना दटावलं आणि कोपऱ्यावर चहा पीत प्रशांतची वाट बघत बसले.

प्रशांत शाळेतला मित्र. औषधांचं दुकान चालवतो आणि अधूनमधून त्याला नवं खूळ लागतं. या वेळी त्यानं ऑनलाइन दोन कयाक मागवल्या होत्या. कयाक म्हणजे हवा भरून फुगवायची निमुळती होडी, दोघांनी पुढेमागे बसून वल्हवायची. वल्हवायचं कसं, ते तो मोबाईलवर शिकला होता. तिसरी शैला, माझ्या बाकावरची, आता दिग्रसला शिक्षिका. तिचं घर अरुणावती धरणाच्या काठच्या तांड्यावर (बंजाऱ्यांच्या वस्तीवर). तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, घरात कापूस भरला आहे, माणसांना जागा नाही, तेव्हा तंबू घेऊन या. अशानं आमच्या सहलीचं कॅम्पिंग झालं.

दारव्हा सोडल्यावर दोन्ही अंगांना कपाशीच कपाशी. बोंडअळीनं खाल्लेली शेतं लांबूनही ओळखू येत होती, झाडाला अर्धवट उमललेली काळपट बोंडं तशीच लटकलेली. वेचायलासुद्धा कुणी फिरकलं नव्हतं.

शैला तांड्याच्या तोंडाशीच उभी होती. किती वर्षांनी भेटत होतो आम्ही! आणि केलं काय? "जाड झालीस गं," म्हटलं, फोटो काढला, शाळेच्या ग्रुपवर टाकला. संपलं.

घरात खरंच कापूस होता, पार आढ्यापर्यंत. अळीतून जेवढा वाचला तेवढा भाव चढेल म्हणून राखलेला. टीव्ही ओसरीत, शैलाच्या भावाची बाज ओसरीत, आणि तिच्या याडीची (आईची) बाज अंगणातल्या कडुनिंबाखाली. याडी सत्तरीपारची. अंगात आरसे लावलेला फेटिया (घेरदार घागरा), मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी बलोरी (बांगड्या). प्रशांत लालबुंद होऊन कयाकमध्ये हवा भरत होता ते ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे पल्याड जाते काय?"

पल्याड तिची धाकटी बहीण गोमली राहते. दोघी एकाच घरात दिलेल्या, सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. आज पाणी आहे तिथं त्यांचा तांडा होता. धरण झालं तेव्हा निम्मा तांडा या काठाला उठला, निम्मा त्या काठाला. समोर गोमलीच्या वस्तीचे पत्रे चमकताना दिसतात, पण सडकेनं जायचं तर दोन गाड्या बदलायच्या आणि फाट्यावरून पायी जायचं. याडीचे गुडघे गेले तेव्हापासून ते बंद झालं. मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात, त्यावर म्हातारीला कोण बसवणार? मोबाईलवर बोलणं होतं की रोज, असं मी म्हटलं.

"बोलनं होते," याडी म्हणाली. "भेट कुठी होते?"

शैलानं ऐकूनच घेतलं नाही. पाणी खोल, आई म्हातारी, काही कमीजास्त झालं तर भावाला काय तोंड दाखवू? विषय तिथंच मिटला. आम्ही काठावर तंबू उभारायला गेलो आणि कळलं की प्रशांत तंबूच्या दांड्या यवतमाळलाच विसरला आहे. काय बोलावं या माणसाला! शैलाच्या भावानं बैलगाडीच्या बल्ल्या आणून दिल्या. मग पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) जाळ केला, पानगे (पळसाच्या पानांत भाजलेल्या जाडसर पोळ्या) आणि वांग्याची झणझणीत भाजी हाणली. याडी जेवायला आली नाही. अंगणात बसून समोरच्या काठाकडे बघत होती.

सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढलं तर याडी पाण्याशी उभी. ठेवणीतला फेटिया, नाकात भुरिया (नथ), हातात तिळगुळाचं गाठोडं. कुणाला विचारलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. शैला तिच्याकडे बघत राहिली, मग तिनं लाइफ जॅकेट उचललं आणि आईच्या अंगात चढवलं. गळ्यातल्या दागिन्यांवरून पट्टे बसेनात, ते ओढणीनं बांधले.

याडी माझ्या पुढे बसली. शैला आणि प्रशांत दुसऱ्या कयाकमध्ये, अगदी खेटून. मधोमध वारा सुटला आणि आमची कयाक गर्रकन फिरली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. याडी मात्र हलली नाही. तिनं फक्त हात पुढे केला.

"आता आपण तांड्यावर आहो," ती म्हणाली. "हळू चालव."

मी वल्हं हलकं केलं. खाली हिरवट पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं.

पलीकडे आमच्या कयाक येताना बघून गोमली गुडघाभर पाण्यात येऊन थांबली होती. याडी उतरली, दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी रडायला लागल्या. साधं रडणं नव्हे. चालीवर, लांब सूर ओढून, एक थांबली की दुसरीनं उचलायचं. प्रशांत घाबरला. त्याला वाटलं, इथं कुणीतरी वारलं आणि आपल्याला कळवलं नाही. तो पाण्याची बाटली घेऊन धावला आणि "रडू नका, आजी," म्हणत दोघींना सोडवायला लागला. शैलानं त्याला शर्टाला धरून मागे ओढलं.

"मधात बोलू नको. त्या भेटून राह्यल्या."

मग तिनं आम्हाला समजावलं. त्यांच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की अशाच भेटतात. मधल्या काळात जे जे झालं ते त्या रडण्यात सांगतात: कोण गेलं, कुणाला मूल झालं, गाय विकली, गुडघे दुखतात. मला बोली कळत नव्हती, पण मध्ये मध्ये नावं कळत होती. आमच्या घरात कुणी रडलं की आधी दार लावत. बाबा गेले तेव्हाही आई स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. तिथं काठावर उभी राहून मला आमचं घर इतकं आठवलं, इतकं आठवलं, की मी उगाच कयाक पुसत बसले.

रडून झालं. दोघींनी ओढणीनं तोंडं पुसली आणि लगेच चहात साखर किती, यावरून भांडायला लागल्या.

निघताना याडी काही केल्या उठेना. "मी राह्यतो," ती म्हणाली. "होळी झाल्याबिगर मले न्याले येऊ नका." मग मी एकटीच वल्हवत परतले. पुढची जागा रिकामी, त्यामुळे कयाक सारखी भरकटत होती.

संध्याकाळी पुण्याची ट्रॅव्हल्स दिग्रसहून होती. प्रशांतनं बॅग उतरवून दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाला आणि दुकानाच्या काळजीनं निघून गेला. गाडी आली. मी शैलाला म्हटलं, चल गं, येते. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. आधी थट्टेनंच तिनं याडीचा तो सूर धरला. मला हसू आलं. मग तिनं माझ्या आईचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, आमच्या गल्लीचं घेतलं, विकलेल्या घराच्या अंगणातल्या पारिजातकाचं घेतलं, आणि मला रडू फुटलं. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मला चाल येत नव्हती, पण शैला थांबली की मी उचलत होते.

गाडीचा पोरगा बॅग हातात धरून ताटकळत उभा होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "कोणी वारलं काय, बाई?"

"नाही भाऊ," शैलानं डोळे पुसले. "आल्या दिवशी भेटाचं राह्यलं होतं."

त्यानं मान हलवली आणि बॅग डिकीत ठेवली.